पाहुण्यांना न वाढायचे पदार्थ

परवा रविवारी सकाळी साडेनऊला दाराची बेल वाजली आणि आमच्या घरात जी पळापळ झाली ती बघून एखाद्याला वाटलं असतं की आत नोटा छापतायत. मी फोडणीच्या पोळीची ताटली उचलून आत पळालो, बायकोनं कढईवर झाकण आदळलं, मुलीनं तोंडातला घास तसाच गालात ठेवून पंखा पाचवर केला कारण घरभर लसणाचा वास. दारात बाबांचे एक जुने मित्र. सहज आले होते, इकडून चाललो होतो म्हटलं डोकावून जावं. मग नेहमीचं नाटक. काका पोहे करू? अगं नको काही. असं कसं, पहिल्यांदा आलात. बरं थोडेच कर. मग पोहे झाले, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि ते सगळं काचेच्या कपाटातल्या त्या प्लेट्समध्ये ज्या आम्हाला स्वतःला वापरायची परवानगी नाही.

काकांनी नीट सगळे पोहे खाल्ले, छान झालेत म्हणाले, बाबांच्या आठवणी काढल्या. आणि निघताना वाकून चपलेचा पट्टा लावत लावत म्हणाले, "वास तर फोडणीच्या पोळीचा येत होता. मला पोह्यांवर भागवलंत."

दार लावल्यावर आम्ही तिघं हसलो खरं पण मला ते वाक्य लागलं. म्हणजे आपण त्यांना चांगलं द्यायला गेलो आणि त्यांना वाटलं की चांगलं आत लपवून ठेवलंय. आणि खरंच तसंच होतं की!

तेव्हापासून डोक्यात यादीच सुरू झालीय, पाहुण्यांना न वाढायच्या पदार्थांची. दुधाच्या पातेल्याची खरवड. लोणी कढवल्यावर तळाला राहते ती बेरी. सुकी भाजी संपल्यावर त्याच कढईत गरम भात टाकून कढई पुसून काढायची आणि तो भात. लोणच्याच्या बरणीतला नुसता खार, दहीभातावर. कच्चे पोहे, त्यावर कच्चं तेल, तिखट, मीठ, बस्स. शिळी भाकरी दह्यात कुस्करून आणि सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा (चाकूनं कापलेला नाही चालत, का ते विचारू नका). पुरण शिजवलेल्या पातेल्याच्या कडा. काल रात्रीची आमटी जी सकाळपर्यंत इतकी घट्ट झालेली असते की ती वाढायची नाही, फासायची. शिळी पोळी चहात बुडवून, हो मी खातो, हसायचं तर हसा.

यातल्या एकाही गोष्टीला ताटात जागा नाही. आपल्या ताटाला किती शिस्त आहे बघा ना, मीठ वर मधोमध, डाव्या बाजूला लिंबू चटणी कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद. बेरी डावीकडे वाढायची की उजवीकडे हे कुणी ठरवलंच नाही कारण ती वाढायचीच नसते. ती ओट्याशी उभं राहून, चमच्यानं, शक्यतो दुसरं कुणी यायच्या आत खायची असते. आणि मला हल्ली असं वाटायला लागलंय की घरच्या जेवणाचं जे आपण एवढं कौतुक करतो ते कौतुक ताटातल्या जेवणाचं नाहीच. ताटातलं जेवण बाहेर मिळतं. चांगलं मिळतं, कधी कधी घरच्यापेक्षा चांगलं मिळतं, पुरणपोळीसुद्धा मिळते. बाहेर काय मिळत नाही तर ही सगळी ताटाबाहेरची गँग.

न मिळण्याचं कारण अगदी साधं आहे, या गोष्टी ऑर्डरवर करता येत नाहीत. त्या आधीच्या कशाच्या तरी मागे राहिलेल्या असतात. मी हे एकदा स्वतः सिद्ध करून बसलोय. लग्नाआधी एकटा राहत होतो तेव्हा एका संध्याकाळी मला फोडणीच्या पोळीची इतकी तल्लफ आली की काय सांगू, आणि घरात एकही पोळी नाही. मग मी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आठ गरमागरम पोळ्या आणल्या, अगदी वाफाळत्या, घडी घातलेल्या, आणि त्यांचे तुकडे करून फोडणीला टाकले. पाच मिनिटांत कढईत जे तयार झालं त्याला लगदा म्हणतात. हळदीचा लगदा. चमचा उभा राहत होता.

पुढे वाचल्यावर कळलं की यात माझा दोष नव्हता, पिठातल्या स्टार्चचा होता. पोळी भाजली जाते तेव्हा कणकेतल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, मऊ होतात. पोळी गार होत जाते तसे त्यातले रेणू परत शिस्तीत जवळ येऊन रचले जातात, म्हणून शिळी पोळी कडक आणि वातड लागते. ती नुसती वाळलेली नसते, ती आतून बदललेली असते. आणि गंमत म्हणजे हे काम फ्रीजच्या गारव्यात जास्त पटकन होतं. आता अशी बदललेली पोळी हातानं कुस्करून फोडणीत टाकली, ताकाचा हबका मारला आणि झाकण ठेवून एक वाफ दिली की ती मऊ तर होते पण स्वतःचा आकार सोडत नाही. प्रत्येक तुकडा वेगळा राहतो, तळाचे थोडे कुरकुरीत, वरचे मऊ, एखाद्या तुकड्यात सगळी मिरची. फोडणीच्या भाताचंही तेच, आदल्या दिवशीचा भात मोकळा होतो आणि ताजा भात गोळा. (भाताबद्दल एक सांगतो आणि गप्प बसतो. भात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका, तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये टाका. त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यानं केलेलं विष नंतर फोडणी देऊनही जात नाही. आमच्या आजीच्या काळी चालायचं वगैरे मला सांगू नका, आजीच्या काळी पोटं पण बिघडायची, फक्त कारण उन्हाचं सांगायचे.)

आणि पोळी हातानंच कुस्करायची. मिक्सरला लावलेली फोडणीची पोळी मी बाहेर एका घरी खाल्लीय, सगळी एकसारखी भुकटी, उपमा पण नाही आणि काहीच नाही. ज्यांनी केली होती त्यांनी प्रेमानं केली होती, पण तरी.

मुलीनं त्या दिवशी काका गेल्यावर विचारलं की बाबा ही आपली पारंपरिक डिश आहे का. मी जोरात हो म्हणालो आणि मग कढईकडे बघत बसलो. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेली. शेंगदाणे मूळचे दक्षिण अमेरिकेचे. हिंग तर अजून अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो, आपल्याकडे त्याचं पहिलं रोप २०२० साली हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात लावलं, आणि ते झाड चीक द्यायला पाच-एक वर्षं घेतं. म्हणजे आपण ज्याला साधं, आपलं, काहीच नाही हो उरलेल्या पोळ्या आहेत असं म्हणतो त्यात अर्धं जग येऊन बसलंय. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली मग पाहुण्यांना का नाही देत. मी म्हटलं खा गपचूप.

आता बेरीबद्दल बोलू या कारण खरं तर मला त्याच्याबद्दलच लिहायचं होतं.

आमच्याकडे तूप कढवायचं काम माझ्याकडे आहे. ते कसं आलं ते मला आठवत नाही, बहुतेक बायको एकदा म्हणाली तुला जमणार नाही, आणि मी फसलो. आठवडाभर दुधावरची साय एका डब्यात साठते, फ्रीजमध्ये, रोज एक थर. शनिवारी त्याला विरजण लावायचं, रविवारी घुसळायचं. घुसळायला आईची लाकडी रवी आहे ती मी हौस म्हणून महिन्यातून एकदा वापरतो, एरवी सरळ मिक्सर. आणि इथे जो क्षण असतो ना, की बराच वेळ नुसतं पांढरं फेसाळ पाणी गरगरतंय, काही होत नाहीये, आता होणारच नाही, साय खराब होती वाटतं, आणि मग एकदम आवाज बदलतो. खळखळ होतं त्याचं थबथब होतं. झाकण उघडून बघावं तर लोण्याचे गोळे तरंगतायत. हा आवाज मी तेरा-चौदा वर्षं ऐकतोय आणि दर वेळी मला तेवढाच आनंद होतो, प्रमोशन झालं तेव्हा एवढा झाला नव्हता.

आई उन्हाळ्यात घुसळताना बर्फाचे खडे टाकायची आणि डिसेंबरमध्ये कोमट पाणी. मला वाटायचं ही तिची एक पद्धत. पण त्यात शास्त्र आहे. सायीत चरबीचे बारीक बारीक थेंब असतात, प्रत्येकाला एक पातळ आवरण, घुसळल्यावर ती आवरणं फाटतात आणि थेंब एकमेकांना चिकटत जातात. फार गरम असेल तर चरबी इतकी पातळ होते की गोळा धरत नाही, फार गार असेल तर इतकी कडक की चिकटत नाही. मधलं गारसर तापमान लागतं, दहा ते पंधरा अंशांच्या आसपास. आईकडे थर्मामीटर नव्हता, ती डब्यात बोट घालून बघायची आणि म्हणायची, अजून एक खडा टाक.

लोणी दोन पाण्यांनी धुवायचं, जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं आणि गॅस बारीक. घरच्या लोण्यात पाणी बरंच असतं, विकतच्यातसुद्धा साधारण १६ टक्के असतं. ते पाणी उकळून जाईपर्यंत पातेलं नुसतं बडबडत असतं, तडतड चडचड, आणि तोपर्यंत तुम्ही बिनधास्त दुसरं काही करा कारण पाणी आहे तोवर तापमान शंभरच्या फार वर जात नाही. मग हळूहळू ते गप्प होतं. इथे सावध व्हायचं. पातेलं गप्प झालं म्हणजे पाणी संपलं आणि आता तापमान चढणार. इथून पुढे तुमच्या हातात दोन-तीन मिनिटं असतात, त्यात तळाला बसलेला पांढरा चोथा आधी बदामी होतो, मग खरपूस तांबूस, मग काळा. तांबूसला गॅस बंद केला तर बेरी. काळा झाला तर आठवडाभराची साय गेली.

माझी एकदा गेली. घरून काम होतं, रविवार नव्हता, म्हटलं मीटिंगमध्ये आपलं काही बोलायचं नाहीये तर कढवून घेऊ. लॅपटॉप ओट्यावर. पातेलं गप्प झालं ते माझ्या लक्षात आलं नाही कारण कानात हेडफोन, वास मात्र आला, आणि मी "अरे गॅस गॅस गॅस" असं ओरडलो. म्यूटवर नव्हतो. पलीकडे बारा माणसं. आमच्या साहेबांनी फार काळजीनं विचारलं की सगळं ठीक आहे ना, सिलिंडर वगैरे, आणि मला म्हणवेना की नाही हो, बेरी जळली. त्यातल्या निम्म्यांना बेरी म्हणजे काय ते कसं समजावणार.

बेरीचा तो जो रंग आणि वास आहे त्यालाही नाव आहे, मायार प्रक्रिया. लुई-कामिय मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली ती पहिल्यांदा मांडली, तो अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवत होता आणि मिश्रण तपकिरी होत गेलं. पावाचा खरपूस कड, भाजलेली कॉफी, परतलेला कांदा, सगळीकडे तेच. आमच्या बेरीत दुधातली प्रथिनं आणि दुधातलीच साखर, दोघं घरचेच. वर गरम असतानाच चमचाभर साखर घालायची. साखर विरघळली नाही पाहिजे, दाताखाली आली पाहिजे. लहानपणी मी आणि बहीण या एका वाटीसाठी अक्षरशः भांडलोय, वाटीवर चमच्यानं रेघ मारून दोन देश केलेले असायचे. आईचं म्हणणं होतं की बेरी कणकेत घातली की पोळ्या मऊ होतात, त्यामुळे तिच्या हाती लागायच्या आत संपवायची असा एक तिसरा शत्रूही होता.

आणि तूप गाळून घेतल्यावर जे तुपकट पातेलं राहतं त्यात गरम भात आणि मीठ. बास, याच्यावर मी काही लिहीत नाही.

खरवड मात्र आमच्या पिढीबरोबर संपत आलीय. भाताची तर कधीच गेली, कुकरनं मारली. कुकरमध्ये आपण भाताचं भांडं पाण्यावर ठेवतो, आच थेट लागतच नाही, सगळं वाफेत शिजतं, आत १२० अंशांच्या आसपास गरम असूनसुद्धा भात पांढराशुभ्र राहतो, तळाला काही धरायचा प्रश्नच नाही. आजी पातेल्यात भात करायची तेव्हा तळाला जो करकरीत तांबूस थर धरायचा तो ती उलथण्यानं काढून तूप लावून हातावर ठेवायची. दुधाची खरवड नॉनस्टिकनं मारली. मला नॉनस्टिकवर राग नाही, डोसे छान होतात, पण ज्या भांड्याला काहीच चिकटत नाही त्या भांड्यात चाटायला काय राहणार.

आता एक गोष्ट मला लिहायलाच पाहिजे कारण नाहीतर हे सगळं फार गोड होत चाललंय. हे शिळ्याचं कौतुक मी करतो कारण मला ते हौस म्हणून मिळालं. लहानपणी आमच्या घरात बाबांच्या आणि पाहुण्यांच्या पानात ताजी पोळी पडायची, आणि सगळ्यात शेवटी आई आणि आजी बसायच्या तेव्हा त्यांच्या पानात काल रात्रीची. आम्हाला सांगितलेलं असायचं, आणि आम्हीही सांगायचो, की आजीला शिळी भाकरी फार आवडते. आईला ना, फोडणीची पोळीच आवडते. एखाद्या वेळी मी हट्ट केला तर आई तिच्या ताटातली अर्धी मला द्यायची आणि मला वाटायचं की तिच्याकडे काहीतरी जास्त भारी आहे जे मोठ्या माणसांना मिळतं. वीस वर्षांनी एकदा मी विचारलं, अगं आई, तुला खरंच आवडायची का फोडणीची पोळी? ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली,

"आवडतेच की. रोज आवडत नव्हती."

यावर मला अजून काही सुचलेलं नाही. आमच्याकडे आता नियम आहे की शिळं उरलं तर तिघांच्या पानात सारखं. पण हा नियम करायला आम्हाला काही कष्ट पडले नाहीत, फ्रीज आहे, उरतं कमी, आणि कंटाळा आला तर फोनवर बोट ठेवलं की तीस मिनिटांत दारात जेवण. निवड असली की शिळं चविष्ट लागतं. आजी गेली तेव्हा मी सातवीत होतो, तिला विचारायचं राहिलं.

काकांच्या त्या टोमण्यावरून मला माझं सासर आठवलं. लग्नानंतर पहिली सात-आठ वर्षं मी जेव्हा जेव्हा तिकडे गेलो तेव्हा तेव्हा श्रीखंड. किंवा गुलाबजाम. पुऱ्या, अळूवड्या, दोन भाज्या, चांदीची वाटी, आणि सासूबाई शेजारी उभ्या, "घ्या ना, काहीच घेतलं नाहीत." जावई म्हणजे जन्मभराचा पाहुणा. मी बिचारा रात्री बायकोला हळूच विचारायचो उद्या साधा वरणभात मिळेल का, आणि ती म्हणायची आईला सांगू? नको नको, वाईट वाटेल त्यांना. असं करत करत मी त्या घरी किती किलो चक्का खाल्ला असेल देव जाणे.

मग एकदा जुलैत गेलो होतो. बाहेर पाऊस, सगळे झोपलेले, मी लवकर उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर सासूबाई ओट्याशी उभ्या राहून पातेल्यातून काहीतरी खातायत. माझी चाहूल लागल्यावर एकदम दचकल्या. मीही दचकलो. पातेल्यात बेरी होती, पहाटेच लोणी कढवलं होतं, आणि त्यांनी त्यात साखर नव्हती घातली, गूळ किसून घातला होता. क्षणभर त्या पातेलं मागे सरकवायला गेल्या. मग काय वाटलं कोण जाणे, मांडणीवरून दुसरा चमचा काढला, पदराला पुसला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या. पातेल्यातलंच आहे हो."

शब्दात 'तुम्ही'च होतं. चमच्यात मात्र 'तू' होतं.

आम्ही दोघं तिथे उभ्या उभ्या, काही न बोलता, पातेलं खरवडून संपवलं. बायको उठून आली तोवर पातेलं घासायला पडलेलं. त्या दिवशी दुपारी पानात वरणभात, बटाट्याच्या काचऱ्या आणि स्टीलची वाटी. बायकोनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणाली, गेलास कामातून, आता तुझं श्रीखंड बंद. खरंच बंद झालं. हल्ली तिकडे गेलं की सासूबाई सकाळी विचारतात, कालची आमटी आहे, चालेल ना? आणि मला मिश्यांवर पीळ द्यावासा वाटतो, मिश्या नाहीत ती गोष्ट वेगळी. गूळ मात्र मी तिथून उचलला. साखरेपेक्षा बरा लागतो हे कबूल करायला मला महिनाभर लागला.

अशा ओट्याशी उभ्यानं करायच्या गोष्टींसारख्याच काही जमिनीवर बसून करायच्या गोष्टी असतात, त्याही पाहुण्यांसमोर होत नाहीत. हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की आम्ही जमिनीवर पेपर पसरून बसतो तिघं, मध्ये शेंगांचा ढीग. मटार सोलताना माणूस जे बोलतो ते एरवी बोलत नाही असं माझं मत आहे, कारण डोळ्यांना काम असतं, एकमेकांकडे बघायला लागत नाही. मुलीनं गणितात किती मिळाले ते मला मटार सोलताना सांगितलं. बायकोला नोकरी सोडायचीय हे मला मेथी निवडताना कळलं, आणि मेथीची जुडी बरीच मोठी होती म्हणून बरं झालं, नाहीतर मी काहीतरी बोलून बसलो असतो, काड्या मोडता मोडता मला विचार करायला वेळ मिळाला. फ्रोझन मटारच्या पाकिटात हे येत नाही. आणि तीन किलो शेंगांचे डब्यात दीड किलो दाणे पडत नाहीत याचं कारण सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही.

मराठीत शिळ्या कढीला ऊत आणणं हे वाईट अर्थानं वापरतात, संपलेला विषय उगाच परत काढणं. ज्यानं ही म्हण काढली त्यानं शिळी कढी नीट खाल्ली नसणार. कढी दुसऱ्या दिवशी चांगली लागते, आलं, मेथीदाणा, कढीपत्ता सगळं मुरतं. फक्त तिला खरोखर ऊत येऊ द्यायचा नाही, बारीक गॅसवर ढवळत राहायचं. बेसन लावलेलं असतं म्हणून ताक धरून राहतं, पण फार ताणलं तर तेही फुटतं. म्हणजे म्हण बरोबर आहे एका अर्थानं, ऊत आणू नका, नुसती गरम करा.

काका परवा पुन्हा येणार आहेत, फोन आला होता. बाबांचे काही जुने फोटो सापडलेत ते द्यायचेत. मी बायकोला म्हटलं या वेळी फोडणीची पोळीच ठेवू या का. ती म्हणाली असं कसं, मुद्दाम शिळं द्यायचं माणसाला? मी म्हटलं मुद्दाम म्हणजे उरल्या तर. त्यावर ती काही बोलली नाही, कणीक मळायला घेतली.

एवढी वर्षं मला वाटायचं की आमच्याकडे शनिवारी रात्री चार-पाच पोळ्या उरतात हा योगायोग आहे. काल रात्री मी तिथेच उभा होतो, पाणी पीत. तिनं तिघांचं पीठ परातीत घेतलं, डब्याला झाकण लावलं, मग माझ्याकडे न बघता झाकण परत काढलं आणि अजून दोन मुठी पीठ घातलं.

"उरतील," मी म्हणालो.

"उरतात," ती म्हणाली. "तू लसूण सोलून ठेव."